हुबळीची साथ आणि वैद्यकातील काही शब्द

हुबळी-धारवाडकडच्या मराठी घरांत कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने वावरतात. मुलाला टोचून आणावयाचे झाले, की घरातील आजी 'लस' म्हणते आणि दवाखान्यातील परिचारिका 'लसिके' म्हणते. दोघींच्या मनात एकच गोष्ट असते. शब्द तोंडाचा फिरला एवढेच. परंतु तेच मूल मोठे होऊन मराठीतील शरीरशास्त्राचे पुस्तक हाती घेते, तेव्हा त्याला 'लसीका' हा शब्द भेटतो, आणि तेथे तो टोचण्याच्या द्रव्याला लावलेला नसतो. रक्तवाहिन्यांतून पाझरून पेशींना न्हाऊ घालणारा आणि निराळ्या नलिकांतून पुन्हा रक्ताकडे परतणारा जो पाण्यासारखा द्रव, त्याला मराठी परिभाषेत लसीका म्हणतात. कानडीत त्याच द्रवाला 'दुग्धरस' हे नाव आहे. स्निग्ध पदार्थ खाल्ल्यानंतर आतड्यांकडून येणारा हा द्रव दुधासारखा पांढरट दिसतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ते नावही अगदी समर्पक वाटते.

मराठीतील लसीका आणि कानडीतील लसिके यांत ऱ्हस्वदीर्घाचे आणि एका स्वराचे अंतर, पण अर्थात मात्र रोगी आणि औषध यांच्याइतके अंतर. हा घोटाळा योगायोगाने झालेला नाही. त्यामागे पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

मराठीत 'लस' म्हणजे मुळात जखमेतून किंवा फोडातून झिरपणारा चिकट पाणीदार स्राव. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गाईच्या स्तनावरील देवीच्या फोडातून आलेला असा स्राव, एका गवळणीच्या हातावरून घेऊन, एका मुलाच्या दंडावर टोचला आणि त्या मुलाला पुढे देवीचा रोग लागत नाही असे दाखवून दिले. हिंदुस्थानात हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला तो मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीवर. तेव्हा बाटलीत भरून ठेवलेले औषध नव्हतेच. एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस घ्यावयाची आणि दुसऱ्या मुलाच्या दंडात घालावयाची, असा तो हातोहात चालणारा व्यवहार होता. पुढे वासरांच्या अंगावर फोड आणवून त्यांतील स्राव काढण्याची पद्धत आली. धारवाडपासून दूर नसलेल्या बेळगावच्या लस-संस्थेत देवीची लस तयार होत असे. तेव्हा, जो पदार्थ टोचला जाई तो खरोखरच लस होता. नाव वस्तूवरून पडले होते, कल्पनेवरून नव्हे.

युरोपातही असेच घडले. लॅटिन भाषेत गाईला 'वाक्का' म्हणतात, त्यावरून गाईच्या देवीच्या द्रव्याला 'व्हॅक्सिन' हे नाव मिळाले. १८८१ साली लंडनच्या वैद्यक परिषदेत लुई पाश्चर याने असे सुचविले, की जेन्नरच्या सन्मानार्थ हाच शब्द सर्व रोगांवरील अशा द्रव्यांना लावावा. कोंबड्यांच्या पटकीच्या द्रव्यात किंवा काळपुळीच्या द्रव्यात गाईचा काहीही संबंध नव्हता, तरी शब्द रूढ झाला. मराठीनेही तेच केले आणि फोडातील पाण्याचे नाव प्रयोगशाळेतील बाटलीला दिले. टोचण्याच्या क्रियेला इंग्रजीत जो 'इनॉक्युलेशन' शब्द आहे, त्याची कुळकथा तर मराठी बागाईतदाराला फार जवळची वाटेल. लॅटिनमध्ये 'ऑक्युलस' म्हणजे डोळा, आणि तो शब्द मूळचा कलम करणाऱ्या माळ्यांचा. मोसंबीच्या रोपावर आपला शेतकरी 'डोळा भरतो', ती क्रिया म्हणजेच मूळचे इनॉक्युलेशन. एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवावा, तसे एका शरीरातील द्रव्य दुसऱ्याच्या कातडीत बसवावयाचे.

मराठीत लोकांनी मात्र स्वतःचा एक शब्द घडविला होता. देवीचा रोग झाला म्हणजे 'देवी आल्या' म्हणावयाचे आणि टोचून घेतले म्हणजे 'देवी काढल्या' म्हणावयाचे. रोग आणि त्याचा प्रतिबंध या दोहोंनाही एकच नाव! ज्या समाजात रोग हा देवीचा संचार मानला जाई, तेथे प्रतिबंधाचा स्वीकार अशा शब्दाने सुकर झाला असेल, हे नाकारता येत नाही. पण त्यातून एक गैरसमजही मूळ धरून राहिला. टोचणे म्हणजे थोडासा रोग देणे, अशी समजूत पक्की झाली. देवीच्या बाबतीत ती सर्वथा चुकीची नव्हती, कारण तेथे जिवंत, परंतु सौम्य विषाणू टोचला जात होता. पुढे प्लेगची लस आली तेव्हा ती समजूत फार महाग पडली.

ती लस १८९८ साली हुबळीत आली. त्याआधी प्लेगच्या नावाची हकीकत सांगणे अवश्य आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. ॲकॅशिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा रोग ओळखला. परंतु रोगाला त्याच्या नावाने हाक मारण्यास अधिकारी कचरत होते. 'संशयास्पद ताप', 'गाठीचा ताप' असे शब्द योजले गेले. बंदराचा व्यापार त्या एका शब्दावर अवलंबून होता. इकडे आपले वैद्य 'ग्रंथिक सन्निपात' म्हणू लागले. शब्द भारदस्त आणि वर्णन म्हणून अचूक आहे, कारण जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ येते आणि रोगी तापात भ्रमिष्ट होतो. परंतु 'सन्निपात' म्हणजे वात, पित्त आणि कफ हे तिन्ही दोष एकाच वेळी बिघडणे. म्हणजे या नावात रोगाचे वर्णन होतेच, शिवाय त्याच्या कारणाविषयीचा निवाडाही आधीच दिलेला होता. ज्याने हे नाव घेतले, त्याने कारण रोग्याच्या देहात शोधले. बाहेरून काही आत शिरले असावे, हा विचार त्या नावाच्या चौकटीत बसत नव्हता.

बाहेरून आत शिरणारे ते काही अलेक्सांद्र येर्सां याने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे रोग्याच्या गाठीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. तो आखूड कांडीसारखा जीव होता. बॅक्टेरिया हा शब्द ग्रीक आणि बॅसिलस हा लॅटिन, पण दोहोंचाही अर्थ 'लहान काठी' असाच आहे. मराठीने 'जंतू' शब्द पुढे केला. संस्कृतात जंतू म्हणजे जन्मलेला कोणताही प्राणी, अगदी मनुष्यसुद्धा. मराठीत मात्र पोटातील 'जंत' सर्वांच्या ओळखीचे होते, आणि त्यामुळे 'रोगजंतू' म्हटल्यावर डोळ्यांनी दिसणारी, वळवळणारी अळी मनात येई. अशी अळी कोणाला दिसली नाही, तेव्हा डॉक्टरांचे बोलणे थोतांड वाटावे हे स्वाभाविकच होते. आजच्या परिभाषेत 'जीवाणू' म्हणजे बॅक्टेरिया आणि 'विषाणू' म्हणजे व्हायरस असा भेद केला जातो, तो केवळ पंडिती नाही. जीवाणू ही एक संपूर्ण पेशी आहे. ती आपले अन्न स्वतः पचवून वाढते. विषाणूला दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याखेरीज वाढता येत नाही. प्रतिजैविक औषधे जीवाणूच्या संसारावर घाव घालतात. विषाणूला असा संसारच नसल्यामुळे ती त्याच्यावर चालत नाहीत. प्लेग हा जीवाणूचा रोग असल्यामुळे तो आज वेळीच उपचार झाल्यास प्रतिजैविकांनी बरा होतो. देवी हा विषाणूचा रोग होता, आणि त्याचे जगातून उच्चाटन झाले, हे १९८० साली जाहीर झाले, ते लसीमुळे.

आता सर्वांत अधिक अनर्थ ज्या शब्दाने केला त्याकडे वळले पाहिजे. तो शब्द म्हणजे 'संसर्ग'. बोलण्यात संसर्ग, संपर्क आणि स्पर्श हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. वैद्यकात मात्र संसर्ग म्हणजे रोगकारक जीवाचा शरीरात प्रवेश होऊन तेथे त्याची वाढ होणे, मग तो प्रवेश कोणत्याही वाटेने होवो. स्पर्श ही त्या अनेक वाटांपैकी एक वाट आहे. पाणी ही दुसरी, श्वास ही तिसरी, कीटकाचा दंश ही चौथी. प्रत्येक स्पर्शजन्य रोग संसर्गजन्य असतो. प्रत्येक संसर्गजन्य रोग स्पर्शजन्य असतोच असे नाही. हिवताप हा संसर्ग आहे, पण हिवतापाच्या रोग्याच्या उशाशी बसल्याने हिवताप होत नाही.

प्लेगच्या पहिल्या वर्षांत सरकारने या दोन अर्थांची गल्लत केली. रोगी म्हणजेच रोगाचे उगमस्थान, असे गृहीत धरून घरे तपासण्यात आली, माणसे ओढून छावण्यांत नेण्यात आली, भिंती चुन्याने धुऊन काढल्या, जमिनी उकरल्या. पुण्यात या जुलमाचा शेवट जून १८९७ मध्ये रँडच्या वधात झाला. तोपर्यंत उंदरांकडे कोणाचे पुरेसे लक्ष गेले नव्हते. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावा, एवढे खेड्यातील माणसाला ठाऊक असे, आणि ते शास्त्राहून पुढे होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक आहे. त्याचे म्हणणे वर्षानुवर्षे कोणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या तपशीलवार संशोधनाने ते पक्के झाले. येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. प्लेग फुप्फुसात उतरला, तर तो खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाकडे थेट जातो. म्हणजे एकाच रोगाचे एक रूप उंदीर-पिसवांच्या वाटेचे आणि दुसरे श्वासाच्या वाटेचे. व्याख्या करताना अशा ठिकाणी घाई करून चालत नाही.

हुबळी हे तेव्हा कापसाच्या व्यापाराचे आणि रेल्वेचे मोठे ठिकाण होते. सदर्न मराठा रेल्वेचे कारखाने तेथे होते, कापडाची गिरणी होती, गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. कापूस, धान्य, गोदामे आणि आगगाड्या, म्हणजे उंदराला जे जे हवे ते सर्व. १८९८ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात तेथे प्लेग भडकला आणि त्याच सुमारास ल्यूमन नावाच्या सरकारी डॉक्टराच्या देखरेखीखाली टोचण्याचे काम सुरू झाले. टोचून घेणाऱ्यांची संख्या पाहता पाहता तीस हजारांच्या पुढे गेली. अनेकांनी दोन वेळा टोचून घेतले. एका गावात एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्लेगची लस टोचण्याचे हे जगातील अगदी आरंभीचे उदाहरण होय.

ही लस कशाची होती? वाल्डेमार हाफकिन यांनी ती मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मांसाच्या रश्शात प्लेगचे जीवाणू वाढवावयाचे, त्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे म्हणजे त्या थेंबांखाली जीवाणूंची झुंबरे लोंबू लागतात, मग ती हलवून खाली पाडावयाची आणि अखेर सर्व मिश्रण तापवून जीवाणू मारून टाकावयाचे. मिश्रण टिकावे म्हणून त्यात थोडे कार्बॉलिक ॲसिड घालावयाचे. म्हणजे बाटलीत मेलेले जीवाणू होते, आणि मेलेल्या जीवाणूंनी प्लेग होणे अशक्य होते. पण टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, काखेतील गाठ दुखे. जो मनुष्य ताप आणि गाठ यांवरूनच प्लेग ओळखावयास शिकला होता, त्याला काय वाटले असेल? 'देवी काढणे' या शब्दाने घडविलेली समजूत, की टोचणे म्हणजे रोग देणे, येथे आडवी आली. वैद्यक ज्याला 'प्रतिक्रिया' म्हणते, ती गोष्ट रोगाहून निराळी आहे. बाहेरचे द्रव्य ओळखून शरीर जी हालचाल करते, ती प्रतिक्रिया. ताप दोहोंतही असतो. एकात तो हल्ल्याचा असतो, दुसऱ्यात कवायतीचा.

हुबळीत लोक हे पाहत होते, की टोचून घेतलेल्यांपैकीही काही जण प्लेगने आजारी पडतात, काही मरतातही. मग उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यास दोन शब्दांचा अर्थ नेमका करावा लागतो. 'लागणीचे प्रमाण' म्हणजे एकूण माणसांपैकी आजारी किती पडले ते, आणि 'रुग्णमृत्युप्रमाण' म्हणजे आजारी पडलेल्यांपैकी मेले किती ते. बोलताना आपण दोहोंनाही 'मृत्यूचे प्रमाण' म्हणून मोकळे होतो. समजा, एका पेठेत हजार माणसे आहेत. नऊशेंनी टोचून घेतले, शंभरांनी घेतले नाही. साथीत तीस जण आजारी पडले, त्यांत अठरा टोचलेले आणि बारा न टोचलेले. दवाखान्यात बसलेला मनुष्य म्हणेल, की आजाऱ्यांत टोचलेलेच अधिक आहेत! परंतु नऊशेंत अठरा म्हणजे शेकडा दोन, आणि शंभरांत बारा म्हणजे शेकडा बारा. भेद आजाऱ्यांच्या संख्येत नसून, ज्या संख्येने भागावयाचे त्या संख्येत आहे. १८९८ साली ही गोष्ट समजावून सांगणे जितके कठीण होते तितकेच ते २०२१ सालीही कठीण गेले. कोरोनाची लस घेऊनही शेजारी आजारी पडला, एवढ्यावरून लसीचा निकाल लावणारे लोक तेव्हा काय थोडे होते?

हुबळीच्या आकड्यांनाही दोष होते, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. साथीच्या भीतीने गाव सोडून जाणारे, परतणारे, आणि दर आठवड्याला 'न टोचलेल्यां'च्या गटातून 'टोचलेल्यां'च्या गटात जाणारे लोक, यांमुळे ज्या संख्येने भागावयाचे ती संख्याच रोज बदलत होती. १८९८-९९ मध्ये चौकशी करणाऱ्या प्लेग कमिशनने हे आकडे तपासले आणि आपले मत काळजीपूर्वक मांडले. टोचण्याने लागणीचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते, पण पूर्ण संरक्षण मिळत नाही. मृत्यूंची संख्या बरीच घटते. पहिल्या काही दिवसांत संरक्षण मिळत नाही. आणि ते मिळाले म्हणजे काही आठवडे, कदाचित काही महिने टिकते. या निष्कर्षात उत्साह कमी वाटेल, पण लस या शब्दाची इतकी प्रामाणिक व्याख्या क्वचितच कोणी केली असेल. तो शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही, या दोन्ही बाजू तीत आहेत.

लसीने जे मिळते त्याला मराठीत सर्रास 'प्रतिकारशक्ती' म्हणतात. हा शब्द रूढ झाला आहे खरा, पण तो फारसा चांगला नाही. 'शक्ती' म्हटल्यावर दंडबैठका, दूधतूप आणि बाजारातील टॉनिकच्या बाटल्या डोळ्यांपुढे येतात, आणि धडधाकट मनुष्य आपल्याला लसीची गरज नाही असे समजतो. ज्या लॅटिन शब्दावरून 'इम्युनिटी' आला, तो 'इम्युनिस' शब्द शक्तीचा नव्हे, माफीचा होता. सार्वजनिक कर आणि कामगिरी यांतून ज्याला सूट आहे तो इम्युनिस. धारवाडकडच्या ज्या जुन्या घराण्यांकडे इनामाच्या सनदा होत्या, त्यांना हे चटकन उमगावे. सनदेत जेवढी जमीन लिहिली असेल तेवढ्याच जमिनीचा सारा माफ, शेजारच्या शेताचा नाही. काही सनदा वंशपरंपरेच्या, काही एका हयातीपुरत्या. शरीराचीही माफी अशीच असते. देवीची माफी प्लेगला चालत नाही. एकीची मुदत दीर्घ, दुसरीची थोड्या महिन्यांची. चरकसंहितेतील 'व्याधिक्षमत्व' आणि आजच्या परिभाषेतील 'रोगप्रतिक्षमता' हे शब्द 'प्रतिकारशक्ती'हून मूळ कल्पनेच्या अधिक जवळ जातात. पण ते जिभेवर जड आहेत, आणि जिभेपुढे परिभाषा समित्यांचे काही चालत नाही.

हाफकिन यांच्या लसीची पुढील हकीकतही शेवटी दोन शब्दांवर येऊन थांबली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात एकशे सात जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले, आणि ते सर्वच्या सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. धनुर्वात हे नाव शरीर धनुष्यासारखे ताठ वाकते यावरून पडले. त्याचा जीवाणू मातीत असतो. बाटली मुंबईतच दूषित झाली होती की गावात उघडताना, हा वादाचा विषय झाला. हाफकिन यांनी अलीकडे लस करण्याची रीत बदलून कार्बॉलिक ॲसिड वगळले होते, आणि तेवढ्यावरून दोष त्यांच्या प्रयोगशाळेकडे वळला.

येथे 'जंतुनाशक' आणि 'निर्जंतुक' यांतील अंतर कळले पाहिजे. जंतुनाशक म्हणजे जंतूंना मारणारे द्रव्य, निर्जंतुक म्हणजे जेथे एकही जिवंत जंतू नाही अशी वस्तू. उष्णतेने नीट तापविलेला पदार्थ जंतुनाशकाशिवायही निर्जंतुक असू शकतो. उलट, जंतुनाशक घातलेला पदार्थ निर्जंतुक असेलच असे नाही. धनुर्वाताचे बीजाणू तर सौम्य कार्बॉलिकला दादही देत नाहीत. कार्बॉलिक वगळले म्हणजे बाटली दूषित होती, असा निष्कर्ष या दोन शब्दांच्या घोटाळ्यातून निघत होता. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुन्हा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही साक्ष मात्र कागदपत्रांत दबून राहिली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रे लिहिली, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. तोपर्यंत पाच वर्षे गेली होती. परळच्या ज्या प्रयोगशाळेतून त्यांना जावे लागले होते, तिला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.